साठ मिनिटांचा सामना

चौतीस वर्षे मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढली. तिथे काय केले असे कुणी विचारले, तर उत्तर अगदी सोपे आहे. कोणती गाडी कोणत्या स्टेशनात किती वाजता शिरली, किती वाजता निघाली आणि मधली मिनिटे कुणी खाल्ली, एवढे चार्टावर मांडायचे. गाडी कर्जतला आली की घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडायची. त्याची इतकी मिनिटे. पुढे मालगाडी तुंबून राहिली आहे, तिची इतकी. मिनिटे हरवत नाहीत, ती कुणाच्या तरी नावावर पडलेली असतात, हे आमच्या ऑफिसातले ब्रह्मवाक्य. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी ही खोड गेलेली नाही. लग्नाचा मुहूर्त टळला की मुलीच्या बापापेक्षा मीच जास्त अस्वस्थ होतो.

असा हा माणूस २०२३ सालच्या जानेवारीत मुलाकडे टोरोंटोला जाऊन पडला. टोरोंटो म्हणायचे, पण श्रीचे घर शेजारच्या मिसिसागा गावात. दुपारी पाचाच्या सुमारास तिथे अंधार पडतो. ('दुपारी' असे मी मुद्दामच म्हणतो, पाच वाजता अंधार पडला तरी त्याला संध्याकाळ म्हणायला माझे मन तयार होईना.) रस्त्यांवर मीठ फेकलेले, दाराशी बर्फ ओढायचे फावडे, आणि बाहेर पडायचे तर कपडे चढवण्यात सात मिनिटे व उतरवण्यात पाच. हिशेब मी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता.

पहिल्या शनिवारी माझा नऊ वर्षांचा नातू अर्णव निळा सदरा घालून टेलिव्हिजनसमोर येऊन बसला.

"आजोबा, आज मॅच आहे. हॉकी!"

आमच्या लेखी हॉकी म्हणजे हिरवळीवरची, ध्यानचंदांची. ही बर्फावरची. मी विचारले, "किती वेळाची असते?"

"साठ मिनिटं. सातला सुरू."

"म्हणजे आठला संपेल. मग जेवू या," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून सूनबाई मेधा काहीतरी बोलल्यासारखी वाटली, पण मी लक्ष दिले नाही. मला साखरेचा विकार आहे. जेवणाआधी अर्धा तास गोळी घ्यायची असते. साडेसातला मी शिस्तीत गोळी घेतली आणि आठ वाजता पान वाढले जाईल म्हणून हात धुऊन बसलो.

आठ वाजले तेव्हा पडद्यावर हॉकी नव्हतीच. कोट घातलेले चार गृहस्थ टेबलाभोवती बसून मोठ्या गंभीरपणे काही चर्चा करीत होते. "संपली का?" मी विचारले. अर्णव म्हणाला, "अजून दोन भाग बाकी आहेत, आजोबा." सव्वाआठला माझे हात कापू लागले. अर्णवने बिस्किटाचा पुडा आणून दिला, मेधाने धावत येऊन पिठले-भात पुढे ठेवला, आणि श्रीने मान खाली घालून म्हटले, "सांगायला हवं होतं, बाबा. साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं नसतात."

कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला त्याच्या मुलाने हे वाक्य ऐकवावे! पुढच्या शनिवारी मी वही, पेन्सिल आणि मनगटी घड्याळ घेऊन बसलो.

त्या दिवशी श्रीने मुद्दाम पंजाबी भाषेतले समालोचन लावले. ही काही थट्टा नाही. कॅनडात शनिवारच्या रात्रीची हॉकी हा जवळजवळ राष्ट्रीय कुळाचार आहे, आणि २००८ सालापासून तो पंजाबीतही ऐकायला मिळू लागला. हरनारायण सिंग नावाचे पगडीधारी गृहस्थ ह्या समालोचनाने देशभर प्रसिद्ध झाले. हॉकीची ती काळी रबरी चकती त्यांच्या भाषेत 'टिक्की' होते, आलूची टिक्की असते तीच! आणि काठी मागे नेऊन सणसणीत फटका मारला की तो 'चपेड शॉट'. इंग्रजीत ऐकताना जे माझ्या डोक्यावरून जात होते ते पंजाबीत निम्म्याहून अधिक कळले. परदेशात इंग्रजीपेक्षा पंजाबी उपयोगी पडेल असे मला पुण्यात कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आता चार्ट पाहा. कार्यक्रमात वेळ दिली होती सातची. खेळाडूंची ओळख, राष्ट्रगीते वगैरे होऊन चकती प्रत्यक्ष बर्फावर पडली ती सात वाजून दहा मिनिटांनी. पहिला वीस मिनिटांचा भाग संपला ७-४८ ला, म्हणजे विसाला अडतीस लागली. मग अठरा मिनिटांचे मध्यंतर. दुसरा भाग ८-०६ ते ८-४६, चाळीस मिनिटे. पुन्हा अठरा मिनिटे मध्यंतर. तिसरा भाग ९-०४ ते ९-४६. एकूण दोन तास छत्तीस मिनिटे, त्यांत खेळ साठ मिनिटांचा. आमची एखादी गाडी असली चालली असती तर वरून खुलासा मागवणारे पत्र आले असते.

पण खुलासा होता, आणि तो काढण्यात माझा तो महिना फार मजेत गेला. मुख्य गोष्ट अशी की हे घड्याळ खेळाचे आहे, भिंतीवरचे नव्हे. शिटी वाजली की घड्याळ थांबते. आणि शिट्या किती! चकती निळी रेघ ओलांडण्याआधी हल्ला करणारा गडी ओलांडून गेला, शिटी. आपल्या अर्ध्यातून चकती भिरकावून थेट पलीकडच्या गोलरेषेमागे घालवली, शिटी. गोलरक्षकाने ती पोटाखाली दाबून धरली, शिटी. काचेवरून प्रेक्षकांत गेली, शिटी. कुणी कुणाला काठीने अडवले तर शिटी वाजतेच, शिवाय त्या गड्याला दोन मिनिटे बाजूच्या खोक्यात बसवतात, शाळेत अंगठे धरून उभे करीत तसे. प्रत्येक वेळी पंचाने चकती पुन्हा टाकेपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट सहज जाते. हे सारे थांबे मी 'चालू कामकाज' ह्या सदरात घातले. मालगाडी पुढे आहे तर थांबलेच पाहिजे, त्यात कुणाचा दोष नाही.

दुसरे सदर मध्यंतराचे. ह्याचे कारण बर्फ. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद अशा त्या बर्फावर बारा माणसे पोलादी पात्यांनी वीस मिनिटे धावली की वरचा थर पार खरवडून निघतो. मग दोन मोठी यंत्रे येऊन तो थर काढतात आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरवतात. गरम पाण्याने बर्फ गुळगुळीत होतो हे मला प्रथम पटेना. पण आपण शेणाने जमीन सारवतो तेव्हा ओल्या हाताने जसे आधीचे ओरखडे बुजतात, तसेच काहीसे ते आहे. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने हे यंत्र १९४९ साली तयार केले, तेही कॅलिफोर्नियात, जिथे बर्फ पाहायला डोंगरावर जावे लागते! त्या यंत्राला त्याचेच नाव पडले आहे. पूर्वी हा खेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन भागांत होत असे. १९१० साली वीस मिनिटांचे तीन भाग झाले, आणि एकाचे दोन मध्यंतर झाले.

तिसरे सदर मात्र मला बरेच दिवस सापडत नव्हते. शिट्या धरल्या, मध्यंतरे धरली, तरी सतरा-अठरा मिनिटे शिल्लक राहात. ती कुणाच्या नावावर टाकायची? घरी बसून ते दिसत नाही, कारण त्या वेळात पडद्यावर मोटारी, बियर आणि पैज लावण्याच्या जाहिराती चालू असतात आणि आपण चहाला उठतो.

"प्रत्यक्ष बघायला या, म्हणजे कळेल," श्री म्हणाला, आणि त्याने दोन तिकिटे काढली. केवढ्याला, ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. मेधाला विचारले तर तीही हसली.

श्री माझ्याशी फार गोड वागत होता, हे इथे सांगितले पाहिजे. मीही त्याच्याशी नीट वागत होतो. पण आम्ही दोघे बोलत होतो ते बर्फाबद्दल, मिठाच्या दराबद्दल आणि अर्णवच्या शाळेबद्दल. त्याची आई २०२० च्या ऑगस्टात गेली. तेव्हापासून अडीच वर्षे एक गोष्ट माझ्या घशात अडकली होती. ती विचारायची म्हणूनच, खरे सांगायचे तर, मी हे तिकीट काढून एवढ्या थंडीत आलो होतो. शनिवारी दोन्ही मध्यंतरांत मी तोंड उघडले, आणि दोन्ही वेळा मोटारीची किंमत विचारून मिटले.

आम्ही पोर्ट क्रेडिट स्टेशनावरून दुमजली हिरव्या-पांढऱ्या गाडीने निघालो. गाडी वेळेवर सुटली, ह्याची नोंद वहीत आहे. युनियन स्टेशनात उतरले की छपराखालूनच स्कोशियाबँक अरीनात जाता येते. थंडी अंगाला लागत नाही. १९९९ साली हे उघडले तेव्हा नाव दुसरे होते, हे नाव २०१८ पासूनचे. आत अठरा-एकोणीस हजार माणसे बसतात. निम्म्यांच्या अंगावर निळे सदरे. टोरोंटोच्या ह्या मेपल लीफ्स संघाने शेवटचा चषक जिंकला १९६७ साली. मी गेलो त्या हिवाळ्यापर्यंत दुसरा नाही. तरी माणसे येतात, आजोबा-नातू येतात. ही निष्ठा पाहून मला आमच्या वाड्यातले एक उमेदवार आठवले. ते दर निवडणुकीला पडत आणि दर निवडणुकीला आळी त्यांच्याच मागे असे.

मध्यभागी छताला घराएवढे घड्याळ टांगलेले. ते उलटे चालते: वीसवरून शून्याकडे. शेवटच्या मिनिटात तर सेकंदाचे दशांशही दिसू लागतात. मी खेळाकडे कमी आणि त्या घड्याळाकडे जास्त पाहात होतो. गडी तर दिसता दिसत नाहीत. पाऊण मिनिट जीव तोडून धावायचे की बाकावर परत, दुसरे पाच बर्फावर. इतका दमछाक करणारा खेळ मी पाहिला नाही.

सात मिनिटे झाली असतील. एक शिटी वाजली आणि सारे ठप्प झाले. गडी आपापल्या बाकांशी गेले, कुणी पाणी प्यायले, पंच कमरेवर हात ठेवून उभे राहिले. फावडी घेतलेली पोरे घसरत आली आणि बर्फाचा चुरा ओढू लागली. कुणाला लागले नव्हते, कुणी भांडले नव्हते. मी श्रीकडे पाहिले.

"काय झालं?"

"जाहिराती."

"कुठे आहेत?"

"इथे नाहीत. घरी बसलेत त्यांना दिसताहेत."

मग त्याने सारे समजावले. प्रत्येक भागात असे तीन थांबे ठरलेले. सहा मिनिटांचा खेळ झाला की त्यापुढच्या पहिल्या शिटीला एक, दहानंतर दुसरा, चौदानंतर तिसरा. प्रत्येक सुमारे दोन मिनिटांचा. गोल झाल्याबरोबर घ्यायचा नाही, आणि कुणी गडी शिक्षेच्या खोक्यात असताना घ्यायचा नाही. बाकी चुकवायचा नाही. तीन भागांत नऊ थांबे, नऊ दुणे अठरा. माझी हरवलेली अठरा मिनिटे सापडली! एवढाली हजारो माणसे, तिकिटाचे पैसे भरून, घरी बसलेल्या माणसांच्या जाहिराती संपण्याची वाट पाहात मुकाट बसलेली. रेल्वेत आम्ही मंत्र्यांच्या गाडीसाठी पॅसेंजर बाजूला घालीत होतो. इथे पॅसेंजरच्या जागी मंत्री बसला तरी त्यालाही बाजूला घालतात.

मला ह्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या दोन-दोन मिनिटांत शेजारचे म्हातारे गृहस्थ मला खेळाचे नियम सांगत, मी त्यांना रेल्वेचे सांगे. मागच्या रांगेत एक बाप पोराला थर्मासमधून काहीतरी पाजत होता. सामना आमचा संघ हरला. ते तिथे फारसे कुणाला नवे वाटले नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी श्रीने रजा काढली आणि म्हणाला, "बाबा, जुनं मैदान दाखवतो." कॉलेज नावाच्या भुयारी स्टेशनावर उतरून आम्ही कार्लटन रस्त्याने चालत गेलो. पिवळट विटांची भली थोरली इमारत. मेपल लीफ गार्डन्स. १९३१ च्या नोव्हेंबरात उघडलेली, आणि १९९९ पर्यंत लीफ्सचे घर. आत शिरलो तर काय, किराणा दुकान! भाज्या, पाव, चीजचे डोंगर. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचे बर्फाचे मैदान अजून आहे, पण खाली जिथे चषकासाठी झुंजी झाल्या तिथे आता डबे मांडले आहेत. श्रीने मला पंचविसाव्या ओळीत नेले आणि जमिनीकडे बोट दाखवले. फरशीवर एक लाल ठिपका. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू. चकती इथेच पडायची. एक बाई त्यावरून गाडा ढकलीत निघून गेली.

१ नोव्हेंबर १९५२ रोजी इंग्रजी टेलिव्हिजनवर पहिल्यांदा हॉकी दाखवली गेली ती ह्या ठिपक्यावरून. गंमत अशी की प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा सामन्याचा दुसरा भाग चालू होता. पुढेही बरीच वर्षे घरच्या प्रेक्षकाला सामना मधूनच पाहायला मिळे. तेव्हा टेलिव्हिजन सामन्याच्या मागे धावत असे. आता सामना टेलिव्हिजनसाठी उभा राहतो.

आणि १९३३ च्या एप्रिलात ह्याच जागी टोरोंटो आणि बोस्टन ह्यांचा एक सामना झाला. साठ मिनिटे संपली तेव्हा दोन्ही बाजूंना शून्य. आता साध्या हंगामात बरोबरी झाली तर पाच मिनिटे तीन-तीन गडी खेळवतात आणि तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर एकेकट्याने फटके मारून सोक्षमोक्ष लावतात. पण चषकाच्या सामन्यांत तशी पळवाट नाही. वीस मिनिटांचा जादा भाग, मध्यंतर, पुन्हा वीस मिनिटे, गोल होईपर्यंत. त्या रात्री पाच जादा भाग गेले तरी गोल नाही. सहाव्यात, जादा वेळेची १०४ मिनिटे आणि ४६ सेकंद झाल्यावर केन डोराटी ह्याने गोल केला. पहाटेचे पावणेदोन वाजले होते. आणि टोरोंटोच्या त्या गड्यांना त्याच दिवशी रात्री न्यूयॉर्कमध्ये पुढचा सामना खेळायचा होता. गेले, खेळले आणि हरले. तीनच वर्षांनी, १९३६ च्या मार्चमध्ये, माँट्रियलला ह्याच्यावर ताण झाली: तिथे डेट्रॉइटने सहाव्या जादा भागात गोल केला तेव्हा एकूण खेळ १७६ मिनिटे ३० सेकंद झाला होता. तो उच्चांक अजून मोडलेला नाही.

"तू पाहिलेला सगळ्यांत लांब कोणता?" मी सहज विचारले.

श्री गप्प झाला. मग म्हणाला, "टॅम्पा आणि कोलंबस. ११ ऑगस्ट २०२०."

मीही गप्प झालो.

त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आम्ही श्रीच्या आईला वैकुंठात नेले. विमाने बंद होती. जी थोडीफार चालू होती त्यांत जागा नव्हती. अग्नी माझ्या पुतण्याने दिला. श्रीने सारे पुतण्याच्या भावाने धरलेल्या फोनवर पाहिले. आणि त्याच रात्री दीडपासून तीनपर्यंत मी श्रीला तीन वेळा फोन केला. घरात मी एकटा होतो. त्याने उचलला नाही. हीच ती घशात अडकलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, "फोन दुसऱ्या खोलीत राहिला." मी बरे म्हटले होते.

"तू मॅच बघत होतास?" मी विचारले. आवाज मला ताब्यात ठेवता आला नाही. दुधाच्या डब्यांशी उभ्या असलेल्या मुलीने वळून पाहिले.

"हो."

"आईला नेलं त्या दिवशी?"

तो लाल ठिपक्याकडे पाहात बोलू लागला. त्या वर्षी साथीमुळे पूर्वेकडच्या साऱ्या संघांना टोरोंटोत एका जागी कोंडून ठेवले होते. तेच मैदान, जिथे आम्ही गेल्या आठवड्यात बसलो होतो. पण प्रेक्षक एकही नाही. दुपारी तीनचा सामना. मेधाने अर्णवला घेऊन दार लोटून घेतले होते. ह्याला कुठे बसावे कळेना, म्हणून हा टेलिव्हिजनसमोर बसला. कोण खेळते आहे हेही त्याने पाहिले नाही. साठ मिनिटे संपली, बरोबरी. पहिला जादा भाग संपला. दुसरा. तिसरा.

"जादा वेळात जाहिरातींचे थांबे नसतात, बाबा. नुसतं चालूच असतं. कोलंबसच्या गोलकीपरनं पंच्याऐंशी फटके अडवले. मला वाटत होतं, ह्यानं अडवतच राहावं. कुणी जिंकू नये. मॅच संपली की टी.व्ही. बंद करावा लागणार होता."

"आणि मग?"

"मग काहीच नाही. झोपायचं. उठायचं. आई नसलेला पहिला दिवस."

पाचव्या जादा भागात टॅम्पाने गोल केला. एकूण १५० मिनिटे २७ सेकंद खेळ झाला होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाने सहा तासांच्या वर. त्या मैदानावर रात्री आठचा दुसरा सामना होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावर ढकलावा लागला.

मी वही काढली. मला दुसरे काही सुचले नाही. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेबारा. मी फोन केले ते दीड ते तीन, म्हणजे त्यांचे चार ते साडेपाच.

"किती वाजता संपली?"

"नऊ वाजून गेले होते. नऊ-वीस असतील."

म्हणजे आमचे सहा-पन्नास. त्या रात्री मी पलंगावर पडलो नव्हतो. बाहेरच्या खोलीत, तिच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसून होतो. दिवा मालवला नव्हता. दूधवाल्याने कडी वाजवली तेव्हा भिंतीवर सात वाजायला दहा कमी होते, आणि मी उठून दार उघडले.

"मीही तेवढाच वेळ बसलो होतो," मी म्हणालो. "साडेबारा ते सहा-पन्नास. फोन करायला उठलो तेवढंच."

"मला वाटलं, तुम्ही झोपला असाल," श्री म्हणाला. "मेधानं सांगितलं होतं, बाबांना गोळी देऊन झोपवलंय म्हणून."

"दिली होती. मी घेतली नाही."

तो हसला. डोळे पुसायला त्याने हातमोजा वापरला, आणि लोकरीचे तंतू डोळ्यांत गेले म्हणून आणखी चोळत बसला. आम्ही त्या पंचविसाव्या ओळीत किती वेळ उभे होतो, त्याची नोंद माझ्या वहीत नाही. एका माणसाने गाडा घेऊन जायला वाट मागितली, तेव्हा आम्ही बाजूला झालो.

एवढ्यात मेधाचा फोन आला: तिथे दुकानात आहातच, तर येताना कोथिंबीर आणा. ती शोधायला आम्हांला बरीच फिराफिर करावी लागली. जुडी पुण्याच्या मानाने अगदीच लहान. श्रीने दोन घेतल्या, मी तिसरी घ्यायला लावली, आणि चार-चाळीसची गाडी धरायला आम्ही भराभर स्टेशनाकडे निघालो.